रंगीत कार्डे घेऊन फिनलंडच्या वर्गात: एरास्मस प्लस अध्यापन अनुदानाचा अनुभव

महाविद्यालयातील शिक्षकाला परदेशी विद्यापीठात जायचे असेल तर संशोधन हाच त्याचा मार्ग, असा आपल्याकडे समज आहे आणि तो बऱ्याच अंशी अनुभवातूनच आलेला आहे. शोधनिबंध, प्रयोगशाळेतील काम आणि मार्गदर्शकांच्या ओळखी यांच्या बळावर अधिछात्रवृत्ती मिळते; आपण वर्गात कसे शिकवतो, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. केवळ या एका गोष्टीसाठी दुसऱ्या देशातील विद्यापीठ आपल्याला बोलावू शकते आणि त्याचा खर्च सार्वजनिक निधीतून होऊ शकतो, हे भौतिकशास्त्र शिकवायला लागल्यानंतर कितीतरी वर्षे मलाही ठाऊक नव्हते. युरोपीय संघाच्या एरास्मस प्लस कार्यक्रमातून शिक्षकांना जे अध्यापन अनुदान मिळते, त्यातून मी फिनलंडमधील युवास्क्युला येथे शिकवून आले. त्या साऱ्या प्रक्रियेची हकिकत येथे सविस्तर लिहीत आहे, कारण जिल्ह्याच्या व तालुक्याच्या गावांतील महाविद्यालयांमध्ये उत्तम शिकवणारे अनेक शिक्षक मी पाहिले आहेत आणि त्यांच्यापर्यंत ही माहिती पोचलेली नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

मी सांगली जिल्ह्यातील एका स्वायत्त महाविद्यालयात पदवीच्या पहिल्या वर्षाला यामिकी, म्हणजे बल आणि गती यांचे शास्त्र, शिकवते. वर्गात सव्वाशेच्या आसपास मुले असतात. त्यांतील बहुतेक मराठी माध्यमातून आलेली, आणि अकरावी-बारावीत सूत्रे पाठ करून बहुपर्यायी प्रश्न सोडवण्याची सवय लागलेली. अशा वर्गासाठी मी हार्वर्ड विद्यापीठातील एरिक माझूर यांनी १९९१ पासून विकसित केलेली सहाध्यायी-अध्यापनाची पद्धत वापरू लागले. तिचे स्वरूप सोपे आहे. शिक्षक फळ्यावर एक संकल्पनात्मक प्रश्न मांडतो, विद्यार्थी कोणाशीही न बोलता स्वतः विचार करून उत्तर नोंदवतात, मग शेजाऱ्याला आपले उत्तर पटवून देण्याचा प्रयत्न करतात आणि पुन्हा उत्तर देतात. पहिल्या खेपेस साधारण ३० ते ७० टक्के विद्यार्थ्यांचे उत्तर बरोबर असेल तर चर्चेचा उपयोग सर्वांत जास्त होतो. त्याहून कमी असेल तर आधी संकल्पना पुन्हा समजावून सांगावी लागते.

परदेशात उत्तर नोंदवण्यासाठी विद्यार्थ्यांच्या हाती क्लिकर नावाचे छोटे यंत्र किंवा मोबाईल असतो. आमच्याकडे मी एका कागदाचे चार भाग करून त्यांवर चार रंगांत अ, ब, क, ड अशी अक्षरे छापून घेतली. घडी घालून हवे ते अक्षर पुढे करायचे आणि कार्ड छातीशी धरायचे, म्हणजे ते समोर उभ्या असलेल्या शिक्षकाला दिसते पण शेजाऱ्याला दिसत नाही. क्लिकर आणि कार्डे यांची तुलना करणारा नॅथॅनिएल लॅसरी यांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. क्लिकर वापरणाऱ्या आणि कार्डे वापरणाऱ्या विद्यार्थ्यांच्या आकलनात लक्षणीय फरक नव्हता, असे त्यात आढळले होते. महाविद्यालयाच्या झेरॉक्सच्या खर्चात बसणाऱ्या साधनाला हा आधार मिळाल्यामुळे मला धीर आला. चर्चा मराठीत करायची, ही सूचना मी पहिल्या तासापासून दिली. प्रश्न इंग्रजीत, पाठ्यपुस्तक इंग्रजीत, परंतु शेजाऱ्याशी होणारा वाद मराठीत, अशी ही व्यवस्था आहे.

या वादातून काय घडते, हे एका प्रश्नावरून सांगता येईल. उसाने भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली रस्त्याकडेला उभ्या असलेल्या मोटारसायकलला धडकली, तर धडकेच्या क्षणी कोणी कोणावर अधिक बल लावले? न्यूटनचा तिसरा नियम शब्दशः म्हणून दाखवणारी मुलेही येथे ट्रॉलीचे बल अधिक असल्याचे कार्ड वर करतात. मग चर्चा सुरू होते. मोटारसायकलचा चुराडा झाला आणि ट्रॉलीला ओरखडाही आला नाही, तर बल सारखे कसे असेल, असे एकजण विचारतो. दुसरी मुलगी म्हणते, बल सारखेच आहे, पण मोटारसायकलचे वस्तुमान कमी म्हणून तिचा वेग जास्त बदलला. बल आणि बलाचा परिणाम यांतील हा भेद मी व्याख्यानात अनेकदा सांगितला होता. तो विद्यार्थ्याच्या तोंडून दुसऱ्या विद्यार्थ्याला सांगितला गेला की मगच वर्गात रुजतो, असे मला दरवर्षी दिसते. रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये ६२ अभ्यासक्रमांतील सुमारे साडेसहा हजार विद्यार्थ्यांच्या चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा पारंपरिक व्याख्यानांतून सरासरी सामान्यीकृत वाढ (शिकवण्यापूर्वी जितके गुण कमी पडले, त्यांपैकी शिकवल्यानंतर भरून निघालेला वाटा) ०.२३ आणि विद्यार्थ्यांना सक्रिय करणाऱ्या पद्धतींतून ०.४८ इतकी आढळली. हे आकडे अमेरिकेतील असले तरी माझ्या वर्गातील कार्डे त्याच दिशेने बोलत होती.

एक गोष्ट मी सुरुवातीपासून करत होते. प्रत्येक प्रश्नाच्या वेळी, चर्चेपूर्वी एकदा आणि चर्चेनंतर एकदा, मंचावरून वर्गाचे छायाचित्र घ्यायचे आणि संध्याकाळी कार्डांचे रंग मोजून वहीत नोंदवायचे. कोणता प्रश्न, किती मुलांचे उत्तर बदलले, चर्चेत कोणता युक्तिवाद ऐकू आला, अशा या नोंदी होत्या. त्यांचा उपयोग पुढच्या वर्षीचे प्रश्न सुधारण्यासाठी व्हावा, एवढाच हेतू होता. पुढे अनुदानाच्या प्रत्येक टप्प्यावर हीच वही कामी आली, आणि यावरून माझे एक ठाम मत झाले आहे: अशी अनुदाने शिक्षकाच्या गुणवत्तेपेक्षाही त्याने ठेवलेल्या नोंदीला मिळतात. ज्याने आपला वर्ग लिहून ठेवलेला नाही, त्याची पद्धत कितीही चांगली असली तरी ती दुसऱ्या विद्यापीठाला दाखवता येत नाही.

मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या एपिस्टीम परिषदेत मी या नोंदींवर एक भित्तिपत्र मांडले होते. तेथे भेटलेल्या एका फिनिश प्राध्यापिकेशी पुढे पत्रव्यवहार सुरू राहिला. त्या भौतिकशास्त्राच्या भावी शिक्षकांना शिकवतात. मोठ्या वर्गात, कमी साधनांत आणि विद्यार्थ्यांच्या घरच्या भाषेत ही पद्धत कशी चालते, हे आपल्या विद्यार्थ्यांनी पाहावे असे त्यांना वाटत होते, आणि त्यासाठी एरास्मस प्लसमधून अर्ज करावा असे त्यांनीच सुचवले.

एरास्मस हा कार्यक्रम १९८७ मध्ये युरोपातील विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीसाठी सुरू झाला. आज त्याचा विस्तार जगभरातील देशांपर्यंत झाला असून २०२१ ते २०२७ या कालखंडासाठी त्याची तरतूद सुमारे २६ अब्ज युरो आहे. त्यातील एक भाग युरोपबाहेरच्या देशांशी होणाऱ्या विद्यार्थी व शिक्षकांच्या देवाणघेवाणीसाठी राखलेला आहे आणि त्यात आशिया विभागात भारत येतो. येथे एक नियम आधीच समजून घेतला पाहिजे. हा अर्ज भारतीय शिक्षक करू शकत नाही, भारतीय महाविद्यालयही करू शकत नाही. युरोपातील विद्यापीठ आपल्या देशातील राष्ट्रीय एजन्सीकडे अर्ज करते. अर्जाची मुदत सहसा फेब्रुवारीत असते आणि मंजूर प्रकल्प १ ऑगस्टपासून २४ किंवा ३६ महिने चालतो. लेखणी युरोपच्या हातात आहे, ही गोष्ट मला आजही खटकते. ज्या देशात हजारो महाविद्यालये आहेत, त्या देशातील शिक्षकाला आपली पद्धत जगासमोर नेण्यासाठी युरोपातील सहकाऱ्याच्या सदिच्छेवर अवलंबून राहावे लागावे, हे बरोबर नाही. आपल्याकडे २०१५ मध्ये सुरू झालेली ग्यान योजना परदेशी तज्ज्ञांना भारतात आणून त्यांच्याकडून अभ्यासक्रम शिकवून घेते. ती उपयुक्तच आहे. पण तिच्यातून शिकवण्याचा प्रवाह बाहेरून आत येतो. आपल्या वर्गांतील उत्तम प्रयोग बाहेर नेणारी, शिक्षकाने थेट अर्ज करावा अशी स्वतंत्र योजना आपण उभारायला हवी, असे मला तीव्रतेने वाटते.

अर्ज जरी त्यांनी करायचा असला तरी त्यातील भारतविषयक मजकुरासाठी माझ्याकडून बरीच माहिती मागवण्यात आली. मूल्यमापनात दोन्ही संस्थांच्या धोरणाशी प्रकल्पाचा संबंध, सहकार्याची आखणी आणि परिणाम व प्रसार यांना गुण असतात. शंभरपैकी किमान ६० गुण मिळाले नाहीत तर अर्ज बाद होतो. माझा पहिला मसुदा आमच्या महाविद्यालयाच्या इतिहासाने, मूल्यांकनाच्या श्रेणीने आणि पुरस्कारांनी भरलेला होता, कारण आपल्याकडे सर्व प्रस्ताव तसेच लिहिले जातात. त्या प्राध्यापिकांनी अतिशय सौम्य शब्दांत विचारले, की यातील कोणती गोष्ट आमच्या विद्यार्थ्याला वर्गात दिसेल? मग मी वही उघडली. तीन प्रश्न निवडले, त्यांच्या चर्चेपूर्वीच्या व नंतरच्या नोंदी दिल्या, मराठीतील युक्तिवादांचा आशय लिहिला, आणि ही पद्धत फिनिश वर्गात नेल्यावर काय बदलावे लागेल याचा अंदाज मांडला. मंजूर अर्जात राहिला तो एवढाच मजकूर.

निधी मंजूर झाल्यावर दोन्ही संस्थांमध्ये आंतरसंस्था करार व्हावा लागतो, त्याशिवाय कोणीही प्रवास करू शकत नाही. करार युरोपीय आयोगाच्या ठरावीक नमुन्यात असतो. त्यात किती शिक्षक कोणत्या दिशेने जातील, भाषेची अपेक्षित पातळी काय, निवड कशी होईल, हे लिहिलेले असते. आमच्याकडे प्रश्न उभा राहिला तो सहीचा. प्राचार्यांनी सही करायची, शिक्षणसंस्थेच्या सचिवांनी, की विद्यापीठाची परवानगी आधी घ्यायची, याबद्दल प्रत्येक टेबलावर वेगळे मत होते आणि फाईल एका सत्राहून अधिक काळ फिरत राहिली. शेवटी आमच्या प्राचार्य मॅडमनी सुचवल्यावरून मी कराराचा सारांश मराठीत एका पानावर लिहिला. या कराराने संस्थेवर कोणताही आर्थिक भार पडत नाही, कोणालाही पाठवण्याचे बंधन येत नाही आणि पदवी किंवा गुण यांच्या मान्यतेशी त्याचा संबंध नाही, ही तीन वाक्ये त्यात ठळक केली होती. संस्थेच्या बैठकीत तेच पान वाचले गेले आणि सही झाली. इंग्रजी करार सर्वांना वाचता येत होता. परंतु जबाबदारीची सही करताना माणसाला आपल्या भाषेत खात्री हवी असते, हे मी त्या निमित्ताने पाहिले.

यानंतरचा दस्तऐवज मला सर्वांत मोलाचा वाटला. त्याला गतिशीलता करार म्हणतात आणि त्यावर शिक्षक, पाठवणारी संस्था व बोलावणारी संस्था अशा तिघांच्या सह्या असतात. त्यात किती तास शिकवणार, कोणत्या स्तरावर, किती विद्यार्थ्यांना, कोणत्या भाषेत, हे आधी भरायचे असते. आठवड्याला किमान ८ तास अध्यापन अनिवार्य आहे. अध्यापनाबरोबर प्रशिक्षणही घेणार असल्यास ते ४ तासांवर येते. पुढे चार प्रश्न असतात. भेटीचे उद्दिष्ट काय, तिने दोन्ही संस्थांच्या कामात कोणती भर पडेल, अध्यापनाचा आशय काय असेल, आणि शिक्षकावर, सहकाऱ्यांवर, दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांवर काय परिणाम अपेक्षित आहे. शेवटच्या प्रश्नाने मला अनेक दिवस अडवून ठेवले. माझ्या जाण्याने माझ्याच वर्गातील मुलांना काय मिळेल? मी परत येऊन एक व्याख्यान देईन, असे लिहिणे सोपे होते. परंतु व्याख्यान ऐकून कोणाचा वर्ग बदलत नाही. मी असे लिहिले, की दोन्ही देशांत एकच प्रश्नसंच वापरला जाईल, दोन्हीकडच्या उत्तरांची तुलना होईल, आणि त्यातून सुधारलेले प्रश्न आमच्या अभ्यास मंडळासमोर, म्हणजे अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समितीसमोर, अंतर्गत परीक्षेसाठी ठेवले जातील. नमुन्यातल्या रिकाम्या चौकटीत हे लिहिताना माझ्या कामाची दिशा मला पहिल्यांदा स्पष्ट झाली.

पैशांचा भाग थोडक्यात सांगते. अनुदान दोन भागांत मिळते आणि दोन्ही ठरावीक दराने असतात. प्रवासखर्च अंतराच्या टप्प्यावर ठरतो; त्यासाठी आयोगाचे अंतरमापक वापरतात. मुंबई ते मध्य फिनलंड हे अंतर ४००० ते ७९९९ किलोमीटरच्या टप्प्यात येते आणि त्या वेळच्या दराने जाण्यायेण्याचे मिळून ८२० युरो मिळाले. निर्वाहभत्ता बोलावणाऱ्या देशाच्या गटानुसार दिला जातो. फिनलंडसाठी तो दिवसाला १८० युरो होता, आणि कामाच्या दिवसांशिवाय प्रवासाचा आधीचा व नंतरचा एकेक दिवसही त्यात धरता येतो. मुक्काम किमान पाच दिवसांचा असावा लागतो. दोन्ही रकमा मिळून खर्च व्यवस्थित भागला; मात्र विमानाचे तिकीट आधी स्वतःच्या खिशातून काढावे लागते, ही गोष्ट कंत्राटी आणि तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या शिक्षकांच्या दृष्टीने फार मोठी अडचण आहे. बँकेबाबतही एक सूचना करावीशी वाटते. युरोपातील विद्यापीठाच्या अर्जात आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, विचारतात. भारतीय बँकांत तो नसतो. आपल्याला खाते क्रमांक आणि स्विफ्ट कोड, म्हणजे परदेशी व्यवहारांसाठी बँकेची ओळख सांगणारा कोड, द्यावा लागतो. लहान गावातील शाखेला बहुधा स्वतःचा स्विफ्ट कोड नसतो, म्हणून परकीय चलनाचे व्यवहार पाहणाऱ्या शाखेचा कोड आधीच लेखी मागून घ्यावा.

रजेसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीचा आधार घेता येतो. तिच्यानुसार वर्षाला ३० दिवसांपर्यंत कर्तव्यरजा मिळू शकते. मी दिवाळीच्या सुट्टीला जोडून गेले, त्यामुळे माझ्या वर्गाचे तास बुडाले नाहीत. शेंगेन व्हिसासाठी निमंत्रणपत्र, स्वाक्षरी झालेला गतिशीलता करार, अनुदानाचे पत्र, महाविद्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र आणि किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा प्रवासविमा ही कागदपत्रे लागली. अनुदानाच्या पत्रात रक्कम, तारखा आणि बोलावणाऱ्या विद्यापीठाने उचललेली जबाबदारी स्पष्ट असल्याने व्हिसा मिळण्यास अडचण आली नाही.

युवास्क्युला हेलसिंकीच्या उत्तरेस सुमारे २७० किलोमीटरवर आहे. फिनिश भाषेतून शिक्षक घडवणारे फिनलंडमधील पहिले अध्यापक विद्यालय उनो सिग्नेयस यांच्या पुढाकाराने १८६३ मध्ये येथे सुरू झाले आणि आजच्या विद्यापीठाची परंपरा तेथून सांगितली जाते. जुन्या टेकडीवरील परिसरातील विटांच्या इमारती आल्वार आल्टो या वास्तुरचनाकाराने १९५० च्या दशकात रचलेल्या आहेत. इंग्रजी ही उच्च शिक्षणाची भाषा असलेल्या देशातून आलेल्या मला, आपल्या भाषेतून शिक्षक घडवण्याच्या आग्रहातून उभे राहिलेले हे गाव पाहताना फार बरे वाटले. नोव्हेंबरमध्ये तेथे दुपारी साडेतीनच्या सुमारास अंधारून येते, त्यामुळे माझे तास सकाळच्या सत्रात ठेवले होते. तास वेळापत्रकातील वेळेनंतर पंधरा मिनिटांनी सुरू होतो, ही तेथील विद्यापीठांची जुनी प्रथा आहे; पण ती पंधरा मिनिटे झाली की सर्वजण जागेवर असतात.

पहिल्या तासाला ट्रॉलीचा प्रश्न तसाच मांडावा की नाही, यावर आम्ही दोघींनी बरीच चर्चा केली होती. ऊस त्यांना अपरिचित, ट्रॉलीही अपरिचित. प्रसंग अपरिचित असेल तर विद्यार्थी बलाचा विचार न करता चित्राचाच विचार करत बसतो. फिनलंडच्या रस्त्यांवर एल्क नावाच्या मोठ्या हरणाची आणि वाहनांची टक्कर ही नेहमीची भीती आहे. त्याच्या इशाऱ्याच्या पाट्या मी येतानाच पाहिल्या होत्या. म्हणून प्रश्नात मालवाहू ट्रक आणि एल्क आले. कार्डे वर झाली तेव्हा भावी शिक्षकांच्या त्या वर्गातही ट्रकचे बल अधिक मानणारे बरेच जण निघाले. चुकीची कल्पना अपुऱ्या शाळांमुळे किंवा इंग्रजीच्या अडसरामुळेच येते, असे मी आमच्या मुलांबद्दल कधीतरी मनात धरले होते, ते त्या क्षणी गळून पडले. ही कल्पना रोजच्या जगण्यातूनच येते, आणि ती तेथील जगण्यातूनही तशीच आली होती.

चर्चेचा भाग मात्र अगदी वेगळा घडला. आमच्या वर्गात 'आता शेजाऱ्याशी बोला' म्हटले की खोली गजबजून जाते. तेथे शांतता पसरली. विद्यार्थी कागदाकडे पाहत राहिले, कोणी आकृती काढू लागले, आणि मी ठरवलेली दोन मिनिटे संपली तरी फारसे कोणी बोलले नव्हते. मी पुढे जायला निघाले तेव्हा मागे बसलेल्या माझ्या सहकारी प्राध्यापिकेने हाताने थांबण्याची खूण केली. आणखी थोडा वेळ गेल्यावर हळू आवाजात बोलणे सुरू झाले आणि ते आमच्याकडच्या चर्चेपेक्षा अधिक नेमके होते. दुसऱ्या दिवशी आम्ही पद्धतीत बदल केला. आधी प्रत्येकाने आपल्या उत्तराचे कारण दोन ओळींत लिहायचे, कागद शेजाऱ्याशी बदलायचा, त्याचे कारण वाचायचे, त्याखाली आपली शंका लिहायची आणि मग बोलायचे. वर्ग लगेच मोकळा झाला. मी हा बदल तेथून घेऊन आले. आमच्या वर्गातील ज्या मुली कार्ड अचूक दाखवत आणि चर्चेत कधी तोंड उघडत नसत, त्यांच्या कागदावर मी पहिल्यांदा त्यांचे युक्तिवाद वाचले. त्यांतील काही इतके सुंदर होते की मी ते नाव न सांगता फळ्यावर लिहिले आणि सारा वर्ग त्यावर वाद घालत राहिला.

शिक्षकांसाठी घेतलेल्या सत्रात मला एक प्रश्न विचारला गेला, तो या सगळ्या भेटीतील सर्वांत कठीण होता. तुमच्या परीक्षेत सूत्रांच्या सिद्धता लिहायला सांगतात, तर विद्यार्थी संकल्पनेच्या प्रश्नावर वेळ का घालवतील? मी सांगितले, की आमचे महाविद्यालय स्वायत्त असल्याने अंतर्गत परीक्षेत असा एक प्रश्न आणण्याची मुभा अभ्यास मंडळाने दिली आहे, पण सत्रांत परीक्षा अजून जुन्याच पद्धतीची आहे. त्यांनी आपल्या श्रेयांकांची व्यवस्था दाखवली. तेथे वर्षाला ६० श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याचे १६०० तासांचे काम. म्हणजे एका श्रेयांकामागे सुमारे २७ तास, आणि त्यांत वाचन, लेखन, गटचर्चा सारे मोजले जाते. आपल्याकडे दीर्घकाळ शिक्षकाचे तास मोजले गेले. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात विद्यार्थ्याच्या अध्ययनाचे वर्षाला १२०० तास आणि ४० श्रेयांक हा हिशोब आला आहे. कागदावरचा हा हिशोब वर्गात उतरवायचा असेल तर विद्यार्थी तासाबाहेर काय करतो, याची आखणी आपल्याला अभ्यासक्रमातच लिहावी लागेल. मी परतल्यावर अभ्यास मंडळापुढे ठेवलेला पहिला प्रस्ताव हाच होता, आणि त्यावर आमच्या विभागात खूप चांगली चर्चा झाली.

परत आल्यावर उपस्थितीचे प्रमाणपत्र सादर करावे लागते. त्यावर कोणत्या तारखांना किती तास शिकवले, हे नोंदलेले असते आणि अनुदानाचा अंतिम हिशोब त्यावरच होतो. त्यानंतर युरोपीय आयोगाकडून ऑनलाईन अहवालाची मागणी येते. तो अहवाल बहुतांशी पर्याय निवडण्याचा असला तरी मुक्त मजकुराच्या जागाही आहेत. त्या जागा मी पूर्ण वापरल्या. तिकिटाची रक्कम आधी न मिळाल्यास कोण वगळले जाते, हेही त्यात स्पष्ट लिहिले. प्रकल्पाच्या उरलेल्या काळात फिनलंडच्या प्राध्यापिका आमच्याकडे येऊन शिकवून गेल्या. सव्वाशे मुलांच्या वर्गात त्यांनी कार्डांचा तास घेतला. चर्चा मराठीतच चालली आणि मुलांनी गटागटाने त्यांना आपले म्हणणे इंग्रजीत सांगण्याचा प्रयत्न केला. तास संपल्यावरही मुले बराच वेळ त्यांच्याभोवती उभी होती.

दोन्ही वर्गांत वापरलेले प्रश्न आता मराठी, फिनिश आणि इंग्रजी अशा तीन भाषांत, चर्चेपूर्वीच्या व नंतरच्या उत्तरांच्या नोंदींसह, कोणालाही वापरता येतील अशा मुक्त परवान्याखाली एकत्र केले जात आहेत. प्रत्येक प्रश्नासोबत प्रसंग बदलायचा असल्यास काय जपायचे, हेही लिहिले आहे. ट्रॉलीच्या जागी ट्रक चालेल, पण दोन वस्तूंच्या वस्तुमानांत डोळ्यांना दिसेल इतका फरक हवा. आमच्या विभागातील दोन सहकाऱ्यांनी विद्युत आणि उष्णतेवरचे प्रश्न तयार करायला घेतले आहेत आणि त्यांच्या वर्गांची छायाचित्रे मोजण्याचे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपणहून मागून घेतले आहे. येत्या फेब्रुवारीच्या मुदतीसाठी युवास्क्युलाहून नव्या अर्जाची विचारणा आली आहे. त्यात तासिका तत्त्वावरील एका शिक्षिकेचे नाव घालण्याचे आणि तिच्या तिकिटाची रक्कम आगाऊ देण्याची तरतूद करारात लिहून घेण्याचे आम्ही दोन्ही बाजूंनी ठरवले आहे.